चौथ्या पायरीवरची लाल पट्टी

९ फेब्रुवारी

मेहुणीबाई,

तुझी ताई शेजारी बसून विचारतेय, घरात फोन असताना हा माणूस कागद का खराब करतो. तिला सांगितलं, फोनवर तू मधे बसतेस आणि माझे निम्मे विनोद तुझ्या भुवईपाशीच मरतात. पत्रात तुझ्या बहिणीची मनसोक्त खोडी काढता येते. तेव्हा वाच आणि सहन कर.

तुमच्या ऑफिसने नव्या लिफ्टची माहितीपुस्तिका पाठवली. पुस्तिका कसली, फाइलच ती. कंपनीने आम्हा मेकॅनिकना फोन दिलेत, त्यात आपोआप येऊन पडली. पहिल्या पानाच्या तळाशी तुझ्या विभागाचं नाव बघितलं आणि लांबूला म्हटलं, बघ, जिला स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नाही ती आता आपल्याला लिफ्ट दुरुस्त करायला शिकवणार.

लांबू माहीत आहे ना तुला? माझा जोडीदार. माझ्या लग्नात फोटोत मावला नाही तो. माझ्या लग्नाच्याही आधीपासून आम्ही दोघं लिफ्टच्या एकाच उभ्या बोगद्यात, शाफ्टमध्ये आहोत. मी वर मशीनच्या खोलीत, तो खाली लिफ्टच्या डोक्यावर उभा. उंची अशी की कायम मान वाकडी. म्हणतो, देवापुढे वाकलो नाही तेवढा या शाफ्टपुढे वाकलोय.

चित्रं छान आहेत, कबूल. पण ब्रेक बदलायच्या पानावर चौथ्या पायरीच्या डोक्यावर ती लाल पट्टी कशाला ठेवलीस? लांबलचक, झोकदार, कोपरेसुद्धा गोल केलेले. लांबू म्हणाला, ही लग्नपत्रिका आहे, फक्त नवरानवरीची नावं घालायची राहिली. मी म्हटलं, आमच्या मेहुणीला कामापेक्षा नटवायची हौस. दोघं हसून हसून बेजार झालो. तुझ्या साहेबांना सांग, पुढच्या वेळी मोत्यांची झालरही लावा.

आईंना नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत?

तुझा
भाऊजी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या तोंडून कौतुक निघतं ते असं उलट्या बाजूने, हे आता मला पाठ झालंय. ताईच्या हातची भाजी आवडली की तुम्ही विचारता, आज मीठ स्वस्त होतं का.

त्या पट्टीसाठी मी साहेबांशी भांडले होते, माहीत आहे? त्यांना राखाडी चौकट हवी होती. मी म्हटलं, माणूस अंधाऱ्या शाफ्टमध्ये, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, तळहाताएवढ्या फोनच्या काचेवर बघणार. त्याला राखाडी दिसणार आहे का? लालच हवी. तुमची नजर तिच्यावर गेली, म्हणजे माझं काम झालं. हसा खुशाल. तुमचं पत्र मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवलं, त्याही हसल्या.

झालरीचं साहेबांना सांगते. आईचे गुडघे थंडीपुरते कुरकुरतात, तिची जीभ मात्र बाराही महिने ठणठणीत आहे. लांबूभाऊजींना सांगा, मान सांभाळा.

तुमची
मेहुणी


१४ मार्च

मेहुणीबाई,

आज लांबण नाही. त्या नव्या लिफ्टपैकी एकीचा ब्रेक घासायला लागलाय, रुग्णालयासमोरच्या सहा मजली इमारतीत. नव्या ब्रेकला आम्ही पहिल्यांदाच हात लावणार. तुझी पत्रिका फोनमध्ये आहेच. लांबू म्हणतो, काम झालं की दोघांचं नाव त्या पट्टीत लिहून तुला परत पाठवू.

ताई रागावलीय, कारण मी तिचा डबा दोन दिवस परत आणला नाही. सोडव.

भाऊजी


२ एप्रिल

भाऊजी,

रोज लिहायला बसत होते आणि उठत होते. लांबूभाऊजींबद्दल काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही. त्यांना मी फक्त तुमच्या पत्रांतून ओळखत होते, तरी ताईने फोन केला त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

ताई सांगते, तुम्ही जेवत नाही, बोलत नाही, रात्री उठून स्वयंपाकघरात उभे राहता. ते मला समजतं. पण अपघाताच्या चौकशीत तुम्ही जे सांगितलंत ते समजत नाही. पुस्तिकेत सूचना नव्हती, असं तुम्ही लिहून दिलंत.

भाऊजी, ती सूचना मी माझ्या हाताने घातली आहे. 'या मॉडेलमध्ये ब्रेकचे दोन्ही हात एकाच स्प्रिंगवर आहेत. बोल्ट सैल करण्याआधी वजनाचा ठोकळा साखळीने बांधा. लिफ्टच्या डोक्यावर कोणीही उभे राहू नये.' लाल पट्टीवर, पांढऱ्या अक्षरांत, तुमच्या चौथ्या पायरीच्या बरोबर वर. मागच्या सोमवारी चौकशी अधिकारी आमच्या ऑफिसात आले. माझ्याच संगणकावर त्यांनी फाइल उघडायला लावली. ती तीन वाक्यं समोर लखलखीत होती. त्यांनी मला विचारलं, यात न दिसण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

मी दुसरं काय बोलणार होते? नजरचूक झाली असेल, घाई झाली असेल, तर तसं म्हणा. माणसाच्या हातून होतं. पण नाचता येईना आणि अंगण वाकडं, असं करू नका. निकाल तुमच्याविरुद्ध गेला तर परवाना जाईल, खटलाही होईल, हे मला कळतं. त्यासाठी खोटं बोलणारा माणूस म्हणून ताईने तुमच्याबरोबर रस्त्याने चालायचं का?

राग आला तरी उत्तर लिहा.

मेहुणी


९ एप्रिल

तुझं पत्र मिळालं.

काय झालं ते एकदाच लिहितो, मग मला पुन्हा विचारू नकोस. जुन्या लिफ्टमध्ये ब्रेकच्या दोन हातांना दोन वेगळ्या स्प्रिंग असतात. एक सैल केली तरी दुसरी धरून ठेवते. आम्ही जन्मभर तसंच काम केलंय. रिकामी लिफ्ट ही पलीकडच्या वजनाच्या ठोकळ्यापेक्षा हलकी असते. ब्रेक सुटला की ठोकळा खाली येतो आणि लिफ्ट वर जाते. लांबू तिच्या डोक्यावर उभा होता. वर छत होतं.

मी पान उघडून एकेक पायरी मोठ्याने वाचत होतो, त्यालाही ऐकू जावी म्हणून. चौथी वाचली, 'स्प्रिंगचा बोल्ट सैल करा.' तो खालून म्हणाला, कर. मी केला. तो 'अरे' म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि त्यात राग नव्हता.

पट्टी होती. पट्टीवर काही नव्हतं. तू लिहितेस त्यातलं एक अक्षर नव्हतं. फोन कंपनीने त्याच दिवशी काढून घेतला. तुझ्या काचेवर काय दिसलं ते तू जाणे, माझ्या काचेवर काय होतं ते मी सांगितलं. मला खोटारडा म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. लांबूच्या भावाने माझ्या तोंडावर म्हटलं. त्यात तुझी भर नको होती.

ताईला मी सांगितलंय, हवं तर माहेरी जा. गेली नाही. भांडी घासत राहिली.


२१ एप्रिल

भाऊजी,

आधी ते सांगते जे सांगायला लाज वाटते. तुम्ही खरं बोलत होतात.

तुमच्या पत्रातली 'पट्टी होती' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. खोटं बोलणारा माणूस पट्टीसकट सगळंच नाकारतो. आमच्या स्टोअरमध्ये मेकॅनिकना वाटायचे फोन पडलेले असतात. तिथल्या माणसाला म्हटलं, एक चालू करून द्या. फाइल उघडली, पान काढलं. लाल पट्टी, कोपरे गोल, आणि आत काही नाही. घरी येऊन घरमालकिणीच्या संगणकावर, इंटरनेट बघतात त्या प्रोग्राममध्ये तीच फाइल उघडली. तिथेही कोरी. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर उघडली, तर तीन वाक्यं जागच्या जागी. फाइल तीच होती.

कसं झालं तेही सांगते. तो मजकूर सुरक्षा विभागाकडून आला तोवर पानं तयार होऊन बंद झाली होती, पट्टीची जागा तेवढी मोकळी ठेवून. पानं पुन्हा उघडायची म्हणजे सगळ्या परवानग्या पुन्हा. साहेब म्हणाले, वरून टाका. मी टाकला. छापलेल्या पानावर चिठ्ठी चिकटवावी तसा. आमच्या ऑफिसातला प्रोग्राम पान दाखवतो आणि चिठ्ठीही दाखवतो. तुमच्या फोनमधला नुसतं पान दाखवतो. हे असं होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. मी माझ्या टेबलावर वाचलं, साहेबांनी त्यांच्या टेबलावर वाचलं, सुरक्षा विभागाने त्यांच्या. जिच्यासाठी सगळं केलं ती काच आमच्यापैकी कोणी हातात धरली नाही.

मग मला तुमचं फेब्रुवारीचं पत्र आठवलं. कपाटातून काढलं. 'फक्त नवरानवरीची नावं घालायची राहिली.' भाऊजी, तुम्ही मला सांगितलं होतंत. स्पष्ट सांगितलं होतंत. तुम्ही नेहमी खोडी काढता म्हणून मी ती खोडी म्हणून वाचली, वर कौतुक समजले, वर शेजारच्या बाईंना वाचून दाखवली. ती ओळ दुसऱ्या कोणी लिहिली असती तर मी त्याच दुपारी पान उघडून बघितलं असतं.

साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण दोन मिनिटंच. त्यांनी माझ्याकडून तिथल्या तिथे सूचना पानाच्या आत बसवून घेतली आणि दुरुस्त फाइल सगळ्या फोनांवर पाठवली. तेवढं बरोबर केलं, नाहीतर आणखी कोणी गेलं असतं. पण नाव तेच, तळाची तारीखही तीच. नवी फाइल जुनीच्या जागी जाऊन बसली आणि जुनी उरली नाही. मी विचारलं, चौकशीवाल्यांना काय सांगायचं? म्हणाले, फाइल बरोबर आहे, उघडून बघा. वरातीमागून घोडं आणलं आणि घोडं पहिल्यापासून होतं म्हणायचं, असा प्रकार.

म्हणजे आता पट्टी कोरी होती याला तुमच्या त्या पत्राशिवाय काही आधार नाही. त्यावर अपघाताच्या आधीची तारीख आहे, पाकिटावर टपालाचा शिक्का आहे. पुढच्या महिन्यातल्या सुनावणीला मी ते घेऊन येते. माझी सही मीच खोडते.

मला क्षमा करा असं आत्ता लिहीत नाही. ते समोर आल्यावर.

मेहुणी


२८ एप्रिल

मेहुणीबाई,

तुझ्यावर माझा राग नाही. खरंच नाही. तू शोधून काढलंस, शेवटी मला खोटा ठरू दिलं नाहीस, तेवढं पुरे आहे. ताईला वाचून दाखवलं. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

पण ते पत्र देऊ नकोस. तुझ्या तोंडाने सांग, फोनवर कोरी दिसत होती म्हणून. मानलं तर मानलं. नाही मानलं तर माझा परवाना जाईल. जाऊ दे. मला हात आहेत, पंपावर काम करीन, गोदामात करीन. तुझी नोकरी गेली तर आईंकडे कोण बघणार? त्या कागदावर तुझं नाव आहे. तुला आधी सांगितलं होतं आणि तू गप्प बसलीस, असाच त्याचा अर्थ लावतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कशाला चावायचं?

एवढं ऐक. पत्र फाडून टाक. वडीलकीच्या नात्याने सांगतोय.

भाऊजी


३ मे

भाऊजी,

तुमचा मोठेपणा कळला. मी तो ओळखून आहे, आणि म्हणूनच तुमचं ऐकणार नाही.

नुसत्या माझ्या बोलण्याला काही किंमत नाही. मी तुमची मेहुणी, माझीच आधीची सही तुमच्याविरुद्ध. आता उलटं बोलले तर म्हणतील, बहिणीने गळ घातली. पत्राला नातं नसतं. नोकरीचं मी आणि आई बघून घेऊ. आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, जावयाला खोटं पाडून मिळालेली भाकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही.

पत्र माझ्या पिशवीत आहे. फाडलेलं नाही. सुनावणीला भेटू.

मेहुणी


३० मे

प्रिय मेहुणी,

तू सुनावणीच्या खोलीतून परस्पर स्टेशनवर गेलीस. ताई तुला शोधत होती. तुझं काम झालं आणि तुला माझ्यासमोर उभं राहवेना, असं मला वाटतं. मलाही राहवलं नसतं.

निकाल परवा हातात आला. माझ्यावर दोष नाही. पुस्तिका सदोष, आणि कंपनीने फाइल बदलून ते झाकलं, असं लिहिलंय. परवाना वाचला. तुला कामावरून कमी केल्याचं ताईकडून कळलं. तुझ्या साहेबांची नुसती बदली झाली म्हणे. याच्यावर काय बोलू? तू माझ्यासाठी जे केलंस ते सख्खा भाऊ करणार नाही. आईंना आणि तुला आमच्याकडे यायचं असेल तर मागची खोली रिकामी करतो. हे उपकार फेडणं नव्हे, आपलं घर म्हणून सांगतोय.

आता दुसरं. हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू मला आहे त्याहून चांगला माणूस समजत राहशील.

पत्र देऊ नको म्हणून मी लिहिलं, ते तुझ्या नोकरीसाठी, असं तू समजलीस. मी समजू दिलं. नोकरीचं खोटं नव्हतं, पण ते वरचं होतं. खरं म्हणजे त्या पत्रात मी काय लिहिलंय ते मला पाठ होतं. अपघात झाला त्या संध्याकाळपासून पाठ होतं. तुला एप्रिलमध्ये लिहिलं तेव्हाही मी त्याचा उल्लेख केला नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. वाटलं, तू ते हरवलं असशील. तसं झालं तर बरं, असं वाटलं.

तू पत्र दिलंस आणि अधिकाऱ्यांनी ते सगळं वाचलं. मला वाटलं होतं, कामापुरतं वाचतील. पण त्यांनी तुझ्या ताईच्या भुवईपासून सुरुवात केली. लांबूची मान, सायकलची चेन, मोत्यांची झालर, सगळं त्या सपाट आवाजात. दोघं हसून हसून बेजार झालो, हेही. तू मान खाली घालून बसली होतीस, तुला दिसलं नसेल. दुसऱ्या ओळीत लांबूची बायको होती. ती माझ्याकडे बघत होती.

बाहेर व्हरांड्यात ती थांबली होती. लांबूचा भाऊ पुढे झाला, माझा हात धरला, म्हणाला, मी बोललो ते मागे घेतो. मी तिच्याकडे वळलो. मी म्हटलं, वहिनी.

मग तिने विचारलं, "ती पट्टी रिकामी आहे, हे तुम्हाला दोघांनाही दिसलं होतं?"

मी म्हटलं, हो.

"यांना गंमत वाटली होती?"

"हो. खूप हसला होता," मी म्हटलं. मला वाटलं, तो हसला होता हे ऐकून तिला थोडं बरं वाटेल.

मग म्हणाली, "ते पत्र लिहायला तुम्हाला किती वेळ लागला होता?"

खोटं सांगता आलं नाही. त्या दिवशी मी दोनदा चहा घेतला होता, एक कागद फाडून पुन्हा लिहिलं होतं, झालरीचा विनोद नीट बसावा म्हणून. म्हटलं, तासभर. तिने मान हलवली, जशी दुकानात भाव ऐकून हलवतात, आणि दिराबरोबर जिना उतरून गेली. लिफ्ट होती तिथे. जिन्याने गेली.

कंपनीच्या त्या फोनमध्ये, पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तुमच्या ऑफिसचा नंबर होता. शंका असल्यास विचारा, असं त्याच्याखाली लिहिलेलं होतं. तेवढं मात्र सगळ्या काचांवर दिसत होतं.

ही माझी शेवटची चिठ्ठी. यापुढे काही सांगायचं असेल तर फोन कर. ताई शेजारी बसलेली असली तरी चालेल.

भाऊजी